मखमली कुपा

प्रशिक्षणाच्या जागेचे व्यवस्थापक फोनवर फार गोड बोलले. हॉल मिळेल, खोल्या मिळतील, दोन वेळचं जेवण मिळेल, खिडकीतून धरणाचं पाणी दिसेल. मग त्यांनी विचारलं की कार्यक्रम कशाचा आहे. मी सांगितलं, माशांचा. मग ते म्हणाले की आमच्या आवारात मासे चालत नाहीत. मी म्हटलं, खायचे नाहीत, फक्त मोजायचे आहेत. त्यावर ते म्हणाले की मोजायलाही चालत नाहीत.

जागा बदलणं माझ्या हातात नव्हतं. पावसाळ्यात समुद्रावरची मासेमारी बंद असते, बंदरावरची आमची माणसं रिकामी असतात, म्हणून प्रशिक्षण तेव्हाच ठेवतात. आणि पावसाळ्यात मुळशीतल्या अशा जागा स्वस्त मिळतात, कारण भिंतींना ओल आलेली असते आणि खिडकीतून पाणी दिसण्याऐवजी ढग आत येतात. वरच्या ऑफिसात कुणीतरी ही सोय पाहिली आणि समुद्रकाठच्या माणसांना घाट चढून मुळशीत बोलावलं, मासे शिकायला. मला मात्र आनंद झाला. मी इथलीच, माले गावची. ती जागा आमच्या घरापासून स्कूटरच्या टप्प्यात होती.

माझं काम काय ते सांगते. ट्यूना पकडणारी मोठी बोट बंदराला लागली की तिच्या पोटात कोणत्या जातीचा किती माल आहे, याचा अंदाज आम्ही बांधतो. ट्यूना म्हणजे कोकणात ज्याला कुपा म्हणतात तो मासा. सगळी बोट मोजणं कुणालाच शक्य नसतं. म्हणून थोडे मासे काढायचे, त्यांची जात बघायची, लांबी घ्यायची आणि त्यावरून सगळ्या मालाचं गणित मांडायचं. या थोड्या माशांना नमुना म्हणतात. घरी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, म्हणजे तुला नमुने गोळा करायला ठेवलंय. हा विनोद त्यांना इतका आवडला की पाहुणे आले की ते माझी ओळख तशीच करून द्यायला लागले, आणि पाहुण्यांना वाटायचं मी वेड्यांच्या दवाखान्यात आहे.

बरीच वर्षं मी बंदरावर काढली. मग आकडेमोडीचं काम माझ्याकडे आलं आणि ते घरून करायची मुभा मिळाली. मी माल्याला परत आले. गच्चीवर जिथे नेटवर्क येतं तिथे पत्र्याची शेड टाकली आणि डोंगराकडे तोंड करून समुद्राचा हिशेब करायला लागले. तिथे बसून माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. आमच्या नमुन्यांत मोठे आणि देखणे मासे फार होते. पिवळ्या पराचा ट्यूना भरपूर, मोठ्या डोळ्यांचा नावाला. मोठ्या डोळ्यांच्या जातीची पिल्लं पिवळ्या पराच्या पिल्लांसारखीच दिसतात, जुळ्या भावांसारखी, त्यामुळे काही ओळखायची चूक होत असणार हे मला मान्य होतं. पण सगळी गडबड तेवढ्यानं होत नव्हती. मासे निवडतानाच काहीतरी होत होतं.

आणि निवडण्याची पद्धत होती आमच्या सरांची.

सर म्हणजे माझे वरिष्ठ. मूळचे सोलापूरकडचे. समुद्र त्यांनी नोकरी लागल्यावर पाहिला, आणि उशिरा भेटलेल्या माणसावर जीव जडावा तसा त्यांचा समुद्रावर जडला. बंदरावर मला त्यांनीच शिकवलं. माशाची फुटपट्टी कशी धरायची, बर्फात बोटं बधिर होऊ नयेत म्हणून काय करायचं, तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या प्रमुखाशी, आधी त्याच्या पोरांबद्दल बोलायचं आणि मग मालाबद्दल, हे सगळं त्यांचं. नमुना काढायची त्यांची रीत बंदरावर प्रसिद्ध होती. ते क्रेटसमोर उभे राहत, मान वळवून समुद्राकडे बघत, आणि हात मागे घालून एकेक मासा उचलत. ते म्हणत, "माझा हात आंधळा आहे. त्याला लहान-मोठं कळत नाही." नवी पोरं हे बघून भारावून जायची. मीही गेले होते.

आता मला वाटत होतं की हाताला सगळं कळतं. मोठ्या माशाची शेपटी मुठीत बरोबर बसते. लहान मासा बर्फाखाली दबून लिबलिबीत झालेला असतो, हात त्याला टाळतो. हे मी सरांना पत्रातून, फोनवरून, एकदा तर त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितलं होतं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे की तू गच्चीवर बसतेस. मी माझी पद्धतही लिहून पाठवली होती: माल उतरताना पट्ट्यावरून मासे पुढे सरकतात, तिथे उभं राहायचं आणि दर दहावा मासा उचलायचा. निवडायचा प्रश्नच नाही. सरांनी कळवलं की वाचलं.

म्हणून व्यवस्थापकांनी मासे नाकारले तेव्हा मी फोन ठेवला आणि काकीकडे गेले.

काकी माझ्या वडिलांची चुलतबहीण, म्हणजे खरं तर आत्या. पण सगळी वस्ती तिला काकी म्हणते आणि ती कुणालाच दुरुस्त करत नाही. शाळेचे गणवेश, ब्लाउज, हिंजवडीच्या कंपन्यांच्या कापडी पिशव्या, जे येईल ते शिवते. बचत गटाच्या बायकांना तिनेच मशीन शिकवलं. मी तिला म्हटलं की मला कापडाचे मासे हवेत, एक पोतंभर नाही, बरीच पोती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं की लग्नाचं कुठवर आलंय. मी म्हटलं, याचा त्याच्याशी संबंध नाही. मग मी तिला तीन जाती समजावल्या. पोटावर पट्टे असलेला: तिथे पांढऱ्या दोऱ्यानं टीप मारायची. पिवळ्या पराचा: पिवळी रिबीन. मोठ्या डोळ्यांचा: कोटाचं बटण. आत भरायला गिरणीतलं भाताचं तूस.

"आन् कापड?" तिने विचारलं.

तोवर माझ्या डोक्यात काही नव्हतं, खरंच नव्हतं. पण तिच्या कोपऱ्यात पौडच्या मंडपवाल्यानं टाकून दिलेले जुने पडदे पडले होते. मरून रंगाची मखमल, अजून मऊ. आणि त्याच्याच शेजारी भाताची आणि कांद्याची तरटाची पोती. मी मखमलीवरून हात फिरवला. मग तरटावरून फिरवला. मग पुन्हा मखमलीवरून. काकी माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, पिवळ्या रिबिनीचे सगळे मखमलीचे करायचे. बाकीचे तरटाचे.

"ह्यात कायतरी हाय," काकी म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. आंधळ्या हाताचे सर, ते मान वळवून मासे उचलणार, तरट टोचणार, मखमल गोंजारणार. तिने मशीनचं चाक थांबवून ऐकलं. संध्याकाळपर्यंत पहिला मखमली कुपा तयार होता, आणि तो तिने इतका गुबगुबीत केला होता की मी तो उशाला घेऊन झोपले असते.

लावण्या उरकत आल्या होत्या, बायकांना दुपार मोकळी मिळत होती. बुद्धविहाराची फरशी हीच वस्तीतली एकमेव मोठी कोरडी जागा, म्हणून तूस भरायचं काम तिथे निघालं. येणारे-जाणारे दारात थांबायचे. मालेकरांनी मासे पाहिलेले आहेत, धरणातले, पण हे काय आहे ते कुणाला कळेना. ज्यांच्या गिरणीतून तूस आणलं ते पाटील स्वतः येऊन बघून गेले. जमीन विकून त्यांनी रस्त्याकडेला खोल्या बांधल्यात आणि भाडेकरूंची वाट बघतात, त्यामुळे त्यांना वेळ असतो. त्यांनी एक तरटाचा मासा उचलून त्याचं कोटाचं बटण निरखलं आणि म्हणाले की ह्याला चष्मा लागणार.

एक मासा मी व्यवस्थापकांना दाखवायला नेला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, नाकाशी नेला. वास आला तो तुसाचा. परवानगी दिली, पण स्वयंपाकघराच्या बाजूनं नेऊ नका म्हणाले.

सर प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशीच आले. घाटातून एसटीनं आले, पाठीवर बॅग, हातात छत्री. आमच्याकडेच उतरले. आईनं त्यांना इंद्रायणीचा भात आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. ते जेवले आणि म्हणाले की जरा पाय मोकळे करून येतो. गाव बघायचं होतं त्यांना. मी बरोबर निघाले तर म्हणाले, तुला तयारी असेल. तयारी होतीच. मला सकाळच्या क्रेटमध्ये सुटे मासे नीट मिसळून भरायचे होते. ते मी करत बसले. मनात एकच धास्ती होती की सर विहाराकडे गेले तर मखमल हाताला लागेल. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. एवढंच म्हणाले की तुमच्या काकींचा चहा फार छान होता, त्यांनी आत काही येऊ दिलं नाही, ओट्यावरच बसवलं. मी मनातल्या मनात काकीचे पाय धरले.

सकाळी हॉलमध्ये ढग होते. बंदरावरून आलेली माणसं ओळीनं बसली होती, अंगावर शाली. मी आणि सर पुढे. काकी आणि गटातल्या दोघी दाराशी, पोत्यांवर बसलेल्या. मी सांगितलं की या क्रेटमध्ये तीन जातींचे मासे आहेत, कोणत्या जातीचे किती ते फक्त मला माहीत आहे, आता सर त्यांच्या पद्धतीनं नमुना काढून दाखवतील. सर उठले. मान वळवून समुद्राकडे बघायची सवय, पण इथे समुद्र नव्हता. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि स्वतःच डोळ्यांवर बांधला. ही माझी कल्पना नव्हती. मला ती सुचली असती तरी मी बोलून दाखवायला धजले नसते.

पहिला हात तरटावर पडला. बोटं तव्याला लागल्यासारखी मागे आली. मग पुढे सरकली. मखमल सापडली. सरांनी मासा वर काढला, मरून, गुबगुबीत, पिवळी रिबीन फडफडतेय. दुसरा हात. तरट, तरट, थोडी चाचपणी, मखमल. तिसऱ्यांदा हात सरळच तिकडे गेला. सहाव्या-सातव्या माशापर्यंत पुढच्या रांगेतल्या एकानं शाल तोंडात कोंबली होती. सर अतिशय गंभीरपणे मखमल उपसत होते. एक तरटाचा मासा चुकून वर आला तेव्हा त्यांनी तो क्षणभर धरला, आणि परत ठेवून दिला. आंधळ्या हातानं मासा परत ठेवला, हे सगळ्यांनी पाहिलं. आता कुणालाच हसू आवरेना. काकीनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

सरांनी रुमाल सोडला. समोर मखमलीचा ढीग. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, क्रेटमधल्या तरटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"समुद्रात मखमल नसते," ते म्हणाले.

मी म्हटलं, नसते. पण मुठीत बसणारी शेपटी असते आणि लिबलिबीत पोटं असतात. डोळे बांधले तरी बोटं बांधता येत नाहीत. मग मी फळ्यावर त्यांचा नमुना आणि खरा माल शेजारी शेजारी मांडला. त्यांच्या हिशेबानं जवळजवळ सगळी बोट पिवळ्या पराच्या ट्यूनानं भरली होती. मी बऱ्याच वर्षांचं बोलून घेतलं. फार छान वाटलं. सर हाताची घडी घालून ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले की मान्य. एवढंच. मला त्यात जरा कमी पडल्यासारखं वाटलं, पण जेवणाची वेळ झाली होती.

जेवताना ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले की दुपारी तू तुझी पद्धत करून दाखव. मी म्हटलं, आनंदानं.

दुपारची मांडणी अशी होती. लांब टेबलांची ओळ म्हणजे माल सरकवायचा पट्टा. त्या टोकाला खांबाआड काकी आणि दोघी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, पोती उघडून मासे सरकवणार. या टोकाला मी. दर दहावा मासा उचलायचा, बाकीचे पुढे टोपलीत जाऊ द्यायचे. मी सगळ्यांना सांगितलं की इथे हाताला काही ठरवायचं नाही. मासा कसाही असो, नंबर आला की उचलायचा, नंबर नसला की हात लावायचा नाही. वाटलं तरी थांबायचं नाही, बदलायचं नाही. हे मी दोनदा ठासून सांगितलं.

मासे सरकायला लागले. मी मोठ्यानं मोजत होते. दहावा आला तो कोटाच्या बटणाचा, मोठ्या डोळ्यांचा. उचलला. पुढचा दहावा, तोही मोठ्या डोळ्यांचा. म्हटलं, असतं असं कधी कधी. तिसरा आला. बटण. चौथा आला. बटण. मध्ये पट्ट्यांचे जात होते, मखमलीचे जात होते, सगळे व्यवस्थित, फक्त माझ्या हाताखाली येताना ते अंग चोरून बाजूला होत होते. मला एकदा थांबून म्हणावंसं वाटलं की जरा चुकलंय, पण मीच तर सांगितलं होतं की थांबायचं नाही, बदलायचं नाही. मी बटणं उचलत राहिले. समोर एका रांगेत काळी बटणं माझ्याकडे टकामका बघत होती. हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं, आणि तेच फार वाईट होतं.

शेवटी सर उठले. फळ्याशी गेले. माझ्या नमुन्यावरून त्यांनी बोटीचं गणित मांडलं. माझ्या पद्धतीनुसार समुद्रात मोठ्या डोळ्यांच्या ट्यूनाशिवाय दुसरा मासाच नव्हता. बाकीच्या दोन जाती पार नष्ट झाल्या होत्या.

मी त्या टोकाला गेले. खांबाआड काकीच्या पायाशी कापलेल्या सुतळ्यांचा ढीग होता. मासे पोत्यात सुटे नव्हते. मेथीच्या जुड्या बांधतात तशा जुड्या होत्या, दहा-दहाच्या, आणि प्रत्येक जुडीत शेवटचा मासा बटणाचा. काकी एक जुडी कापायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सरकवायची.

"काकी, जुड्या कुणी बांधायला सांगितल्या?"

"सरांनी. काल चहाला आलते न्हाई का. म्हनले, मोजायला बरं पडंल, बटनाचा शेवटाला ठिवा."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू तरी कुटं इचारलंस? त्यांनीबी न्हाई इचारलं मखमलीचं. म्या दोघांचंबी काम केलं की."

मी मागे वळले. सर टेबलाच्या कडेला टेकून सुतळीचा एक तुकडा बोटाला गुंडाळत होते. हसत नव्हते. सरांचं हसणं असंच असतं, चेहऱ्यावर येत नाही. मी म्हटलं, समुद्रातले मासे जुड्या बांधून येत नाहीत. ते म्हणाले, येत नाहीत. पण क्रेट भरणारा खलाशी रोज तोच असतो, रोज त्याच पद्धतीनं भरतो. खाली चुरा, मध्ये मध्यम, वर देखणे. क्रेटमध्ये मासे जेवढे बसतात तेवढेच बसतात, आणि त्याच क्रमानं पट्ट्यावर येतात. तुझा दहावा कुठे पडेल ते तू ठरवत नाहीस, तो ठरवतो. मग त्यांनी विचारलं की पाचवा उचलायला लागली असतीस तर काय झालं असतं. मी मनातल्या मनात मांडून पाहिलं. दर पाचवा म्हणजे निम्मी बटणं. आणि दहाचंच अंतर ठेवून तिसऱ्यापासून सुरुवात केली असती तर एकही बटण नाही, आणि मी अहवाल लिहिला असता की मोठ्या डोळ्यांची जात आपल्या पाण्यात उरलेली नाही.

त्या दिवशी मग प्रशिक्षणाचं काही झालं नाही. बंदरावरची माणसं मखमली मासे घेऊन फोटो काढत बसली. सर आणि मी काकीबरोबरच माल्याला परतलो, रिकाम्या पोत्यांच्या वर बसून, पाटलांच्या टेम्पोतून. सर टेम्पोत काकीला म्हणाले की तुम्ही दोन्हीकडून बोलत होता. काकी म्हणाली की म्या कुटं बोलले, म्या गप बसले.

मला राग आला होता का? आला होता, बराच. आदल्या दिवशी माझ्या आईच्या हातची आमटी खाऊन हा माणूस उठला आणि सरळ माझ्या मुळावर आला. पण टेम्पोत बसल्या बसल्या मला त्याचं कौतुकही वाटायला लागलं होतं. माझी चिठ्ठी त्यांनी वाचली होती, नीट वाचली होती. नुसतं वाचलं म्हणून कळवलं तेव्हा मला वाटलं होतं की बाजूला टाकली. ती बाजूला टाकली असती तर इतकी नेमकी खोडी काढता आली नसती.

विहारात गटाच्या बायका जमल्या होत्या. दर आठवड्याला बैठक झाली की त्या तंबोला खेळतात. काकीला यायला उशीर झाला म्हणून आकड्यांच्या सोंगट्यांची पिशवी तशीच पडली होती. काकीनं आम्हालाही तिकिटं दिली. सर फरशीवर मांडी घालून बसले आणि खरोखर मन लावून खेळले. एक बाई पिशवीत हात घालून सोंगटी काढत होती, सगळ्या एकसारख्या, गुळगुळीत, वजनाला सारख्या. दोनदा ओळ पुरी झाली ती काकीची. तिसऱ्या डावाच्या मध्यावर सरांनी आणि मी एकदमच एकमेकांकडे पाहिलं.

मासा हातानं निवडायचाच नाही. मोजून उचलायचाही नाही. बोटीतल्या सगळ्या क्रेटना नंबर द्यायचे. पिशवीतून सोंगट्या काढायच्या. ज्या क्रेटचा नंबर येईल तो क्रेट सगळाच्या सगळा ताडपत्रीवर ओतायचा आणि त्यातला प्रत्येक मासा मोजायचा, चुरा, लिबलिबीत, देखणा, सगळा. सर म्हणाले की काम तिप्पट होईल. मी म्हटलं, होईल. मग आम्ही क्रेट कमी घ्यायचे पण वेगवेगळ्या कप्प्यांतून घ्यायचे यावर भांडायला लागलो, आणि बायकांनी आम्हाला ओरडून गप्प केलं, कारण नंबर ऐकू येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आम्ही तेच करून पाहिलं. बंदरावरची माणसं तयार झाली, कुरकुरत. वरच्या ऑफिसला पत्र गेलं, दोघांच्या सहीनं. आधी कुणाची सही यावर थोडं झालं, शेवटी वर्णक्रमानं घातली आणि त्यात त्यांचं नाव आधी आलं.

मासेमारी सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम बंदरावर गेले. पहिली मोठी बोट लागली. सर गमबूट घालून तयार, माझ्या गळ्यात सोंगट्यांची पिशवी. बर्फवाल्यांपैकी कुणीतरी विचारलं की इथे जुगार कधीपासून सुरू झाला. तांडेल संशयानं बघत होता. सरांनी आधी त्याच्या पोरांबद्दल विचारलं, मग पिशवी त्याच्यासमोर धरली आणि म्हणाले, तुम्हीच काढा. तांडेलानं हात घातला, बराच वेळ ढवळलं आणि सोंगटी काढली.

तो क्रेट मागच्या कप्प्यात, सगळ्यात तळाला होता.

खलाशांनी आम्हाला काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. वरचा सगळा माल हलवेपर्यंत थांबावं लागलं. मग तो क्रेट ताडपत्रीवर ओतला. सर आणि मी समोरासमोर उकिडवे बसलो आणि एकेक मासा मोजायला लागलो. त्यात लहान मासे इतके होते की माझी बोटं बर्फानं बधिर झाली तरी ढीग कमी होईना. एका पिल्लावरून आमचं जुंपलं. मी म्हणत होते मोठ्या डोळ्यांचं, सर म्हणत होते पिवळ्या पराचं. डोळा बघितला, पर बघितले, उजेडाकडे धरलं. शेवटी एकच उपाय उरला, पोट फाडून काळीज, म्हणजे यकृत, बघायचा. मोठ्या डोळ्यांच्या जातीच्या काळजावर कडेला बारीक रेघा असतात, पिवळ्या पराच्या जातीचं गुळगुळीत असतं. सरांनी सुरी घातली. रेघा होत्या.

"बरोबर आहे तुझं," सर म्हणाले, आणि मासा माझ्या बाजूच्या ढिगात टाकला.

तांडेल वरून बघत होता. माल फाडल्याबद्दल तो चिडेल असं वाटलं होतं, पण तो खाली उतरला, आमच्याशेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला की मलाही दाखवा त्या रेघा. सरांनी काळीज बोटावर धरून त्याला दाखवलं. मग त्याने स्वतः आणखी एक पिल्लू उचललं आणि विचारलं की हे कोणतं. आम्ही दोघांनी एकाच वेळी वेगवेगळी उत्तरं दिली.